लाखो पत्रे, पण कुणाची?

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे नियम मागे घ्यायचे ठरवले आणि त्यावर जनतेची मते मागवली. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने कुठलीही वेबसाइट अडवू नये, मुद्दाम संथ करू नये आणि पैसे घेऊन कुणाला पुढे काढू नये, हा त्या नियमांचा गाभा. काही महिन्यांत जवळजवळ २.२ कोटी मते जमा झाली. इतक्या रुक्ष विषयावर इतके लोक लिहितात, हे लोकशाहीचे यश म्हणून मिरवता आले असते. पण प्यू रिसर्च सेंटरने ती मते तपासली, तेव्हा त्यातल्या जेमतेम सहा टक्के मतांचा मजकूर स्वतंत्र निघाला. बाकीची सगळी एकमेकांच्या नकला होत्या. तब्बल नऊ वेळा एकाच सेकंदाला ७५ हजारांहून अधिक मते दाखल झाली होती. जेफ मर्कली आणि पॅट टूमी हे तेव्हाचे दोन सिनेटर, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन. या दोघांच्याही नावाने, त्यांना न विचारता, मते नोंदवलेली होती.

न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलचा चौकशी अहवाल मे २०२१ मध्ये आला आणि चित्र स्पष्ट झाले. त्या २.२ कोटींपैकी सुमारे १.८ कोटी मते बनावट होती. त्यातली ८५ लाखांहून अधिक मते ब्रॉडबँड उद्योगाच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आली होती आणि त्या मोहिमेचा खर्च ४२ लाख डॉलर होता. काम दिले होते ग्राहकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांना. गिफ्ट कार्ड, मुलांच्या सिनेमांवर सवलत, अगदी पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांची मोफत चाचणी, असल्या जाहिरातींतून लोकांची नावे-पत्ते मिळवायचे आणि जाता जाता सरकारी धोरणाला त्यांचा पाठिंबाही घ्यायचा, अशी ती पद्धत कागदावर होती. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी तेवढीही तसदी कुणी घेतली नाही. जुन्या याद्यांतली नावे उचलली आणि संमती मिळाल्याचे लिहून दिले. पैसे देणाऱ्या ब्रॉडबँड कंपन्यांना या फसवणुकीची थेट माहिती असल्याचा पुरावा मिळाला नाही, पण धोक्याच्या खुणा दिसत असून त्यांनी काणाडोळा केला, असे अहवाल सांगतो. आणि त्याच अहवालात दुसऱ्या बाजूचाही हिशेब आहे. नियमांच्या बाजूने आलेल्या बनावट मतांपैकी ७७ लाख एका १९ वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने संगणकावर खोटी नावे तयार करून एकट्याने पाठवली होती.

इथेच आपल्या दोन सोप्या सवयी निकामी होतात. आकडा मोठा म्हणजे लोक मागे आहेत, ही पहिली. आपल्या बाजूचे ते प्रामाणिक आणि पलीकडचे भाडोत्री, ही दुसरी. तिसरीही एक सवय आहे आणि ती जरा सुशिक्षित वाटते: पैसा कुणाचा ते शोधा, म्हणजे झाले. पैशाचा माग काढायलाच हवा, त्याकडे पुढे येतो. पण माझे म्हणणे असे आहे की खरी कसोटी त्याच्याही आधीची आहे. ज्याचे नाव वापरले आहे, त्याला आपण काय मागतो आहोत हे ठाऊक आहे का? आणि ती मागणी त्याने ठरवली, की आधीच ठरलेल्या मागणीला शोभेल असा माणूस नंतर शोधला? इंटरनेटच्या धोरणावर एखादी मोहीम समोर आली की वाचकाने पहिल्यांदा याचे उत्तर हुडकावे. ते बहुतेक वेळा मोहिमेच्या मजकुरातच सापडते.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण २०१५ च्या डिसेंबरमधले. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ९ डिसेंबरला वेगवेगळ्या वेबसाइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावावेत की नाही, यावर चर्चापत्र काढले. प्रश्न चार होते. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जाळ्यावर चालत होती. तीत ठरावीक वेबसाइट फुकट आणि बाकीच्या इंटरनेटला पैसे, असा मामला असल्याने तिचे भवितव्य या उत्तरांवर अवलंबून होते. मग वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, रस्त्यांवर फलक लागले, एका क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याचे आवाहन झाले. फेसबुक उघडले की ट्रायला ईमेल पाठवण्याची सूचना समोर येऊ लागली आणि अमुक मित्राने पाठवले, तुम्हीही पाठवा, असे सांगितले जाऊ लागले. टाइम्स ऑफ इंडियातल्या लेखात मार्क झकरबर्ग यांनी महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला: तो फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, पावसाळ्याची तयारी करतो, बाजारभाव पाहून माल विकतो. वाचणाऱ्याला साहजिकच वाटावे की या शेतकऱ्याच्या हातातले इंटरनेट कुणीतरी हिसकावून घेऊ पाहत आहे.

या मोहिमेतून गेलेल्या पत्राचा मजकूर मात्र बारकाईने वाचण्यासारखा होता. डिजिटल समानतेला माझा पाठिंबा आहे, फ्री बेसिक्समुळे शिक्षण, आरोग्य, रोजगार, शेती यांची माहिती फुकट मिळते, असा त्याचा सूर. ट्रायने विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यात नव्हते. दरांत फरक करू द्यावा का, दिला तर कोणत्या अटींवर, इंटरनेट फुकट द्यायचे इतर मार्ग कोणते, यातले काहीच नाही. ट्रायकडे एकूण सुमारे २४ लाख मते आली. त्यातली १९ लाखांच्या आसपास फ्री बेसिक्सला पाठिंबा देणारी आणि साच्यातली होती. ट्रायने फेसबुकला कळवले की ज्यांनी पत्रे पाठवली त्यांच्यापर्यंत मूळ प्रश्न पोहोचवा आणि त्यांची उत्तरे घ्या. पुढे जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने कडक शब्दांत लिहिले की विचारपूर्वक सल्लामसलतीच्या प्रक्रियेला ढोबळ बहुमताच्या, ठरवून घडवून आणलेल्या जनमत चाचणीचे रूप दिले जात आहे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी आली आणि काही दिवसांतच फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स मागे घेतले.

आता यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. २०१५ च्याच एप्रिलमध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने चाललेल्या ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहिमेनेही साच्यातली पत्रेच पाठवली होती. ट्रायच्या आधीच्या चर्चापत्रावर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले आणि त्यातल्या बहुतेकांचा मजकूर तयार होता. शिवाय नेट न्यूट्रॅलिटी टिकण्यात कित्येक स्टार्टअप कंपन्यांचा धंद्याचा फायदा होता. मग एक मोहीम लोकांची आणि दुसरी कंपनीची, हे कशावरून? केवळ साचा वापरला म्हणून मोहीम खोटी ठरत नाही, हे आधी मान्य करू. ११८ पानांचे, इंग्रजीतले, २० प्रश्नांचे चर्चापत्र नोकरी-धंदा सांभाळून कोण वाचणार? जाणकार मंडळींनी ते वाचून सोपे करून सांगणे आणि उत्तराचा मसुदा देणे, ही सेवाच आहे. कामगार संघटना, ग्राहक पंचायती, शेतकरी संघटना हेच करत आल्या आहेत. फरक साच्याच्या आत काय आहे याचा आहे. सेव्ह द इंटरनेटच्या मसुद्यात ट्रायचे प्रश्न होते आणि प्रश्नागणिक उत्तर होते. पाठवणाऱ्याला ते वाचता येत होते, बदलता येत होते आणि ते त्याच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून जात होते. ट्रायने ती सगळी पत्रे पत्त्यांसकट जाहीर करून टाकली तेव्हा लोक संतापले. तो संताप योग्यच होता, पण त्या पत्त्यांमागे संतापू शकणारी खरी माणसे होती, हेही त्यातून दिसले. फेसबुकची सूचनाही खऱ्या माणसांनीच दाबली होती. तिथे बनावट नावांचा प्रश्न नव्हता. तिथला दोष वेगळा होता. प्रश्न एक विचारला गेला आणि लोकांसमोर ठेवला गेला दुसराच. शेतकऱ्याला इंटरनेट मिळावे का, याला नाही म्हणणारा माणूस सापडणे कठीण. पण ट्रायने ते विचारलेच नव्हते. आणि हे करणारी कंपनी ज्या योजनेचा निकाल लागायचा होता तिची मालकही होती आणि सूचना पाठवण्याच्या माध्यमाचीही. तसे माध्यम विरोधकांच्या हाती नव्हते.

एवढे म्हटल्यावर सेव्ह द इंटरनेटचे दहा लाख म्हणजे देशाचा कौल, असेही कुणी म्हणू नये. इंग्रजी येणारा, ईमेल वापरणारा शहरी तरुण त्यात जास्त होता. ज्याला पहिल्यांदाच इंटरनेट मिळायचे होते, तो त्या यादीत जवळजवळ नव्हता. फ्री बेसिक्सच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा खरा होता आणि त्या माणसाची गरजही खरी होती. पण गरज खरी असली की तिच्या नावाने मागितलेला उपायही एकमेव ठरतो का, हे विचारायचे असते. त्या वेळी जाहिरातींतून जाणवत होते ते असे की एक तर फ्री बेसिक्स, नाही तर काहीच नाही. ट्रायने डिसेंबर २०१६ मध्ये तिसरा रस्ता सुचवला: ग्रामीण ग्राहकाला महिन्याला साधारण १०० एमबी डेटा फुकट द्यावा, त्याने तो हव्या त्या वेबसाइटसाठी वापरावा आणि खर्च सार्वत्रिक सेवेच्या निधीतून व्हावा. त्या शिफारशीचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. मुद्दा असा की पर्याय होता. एखादी मोहीम गरिबाचे, शेतकऱ्याचे, छोट्या दुकानदाराचे नाव घेऊन दोनच पर्याय पुढे ठेवत असेल आणि त्यातला एक प्रायोजकाच्या सोयीचा असेल, तर तिसरा पर्याय कुणी मांडला होता का, हे शोधायला बसावे. माझ्या मते सगळ्या खुणांत ही खूण सर्वांत भरवशाची आहे. पैशाची साखळी लपवता येते, गाळलेला पर्याय लपवणे तेवढे सोपे नसते.

आता पैशाकडे. दुसरा आक्षेप असा येतो की पैसा सगळ्यांनाच लागतो. संस्था चालवायची तर पगार, भाडे, वकिलांची फी हे सगळे आलेच. मग कंपनीची देणगी घेतली की संस्था विकली गेली, असे म्हणायचे का? नाही. पण देणगीनंतर संस्था आपल्या कामाच्या चौकटीबाहेरच्या कुठल्या विषयावर अचानक बोलू लागली, हे जरूर बघायचे. समलिंगी समाजाच्या प्रसारमाध्यमांतील प्रतिमेसाठी काम करणारी ग्लाड ही अमेरिकेतली खरीखुरी, जुनी संस्था. २०११ मध्ये एटी अँड टी कंपनीला टी-मोबाइल विकत घ्यायची होती आणि ग्लाडने त्या विलीनीकरणाला पाठिंबा देणारे पत्र नियामकाला पाठवले. ग्लाडला एटी अँड टीकडून देणगी मिळाली होती आणि कंपनीचा एक माजी अधिकारी संस्थेच्या संचालक मंडळावर होता. दोन फोन कंपन्यांच्या विलीनीकरणाशी आपल्या संस्थेचा संबंध काय, हे तिच्याच समाजातल्या लोकांनी विचारले. वाद इतका पेटला की त्या वर्षी जूनमध्ये अध्यक्ष जॅरेट बॅरिओस यांना पायउतार व्हावे लागले. इथे संस्था बनावट नव्हती, सदस्य बनावट नव्हते, सहीसुद्धा खरी होती. मागणी मात्र संस्थेच्या सदस्यांतून उगवलेली नव्हती. याच्या उलट इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन घ्या. गुगलवरच्या एका खटल्याच्या तडजोडीतून या संस्थेकडे पैसा गेला होता, म्हणून तिला गुगलची बटीक ठरवणारे टीकाकार होते. त्याच संस्थेने डिसेंबर २०१५ मध्ये शाळकरी मुलांच्या माहितीवरून गुगलविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. ज्याच्याकडून पैसा आला त्याच्या विरोधात संस्था कधी उभी राहिली आहे का, हा एक प्रश्न देणगीदारांच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त सांगून जातो.

भारतात हे शोधणे अवघड आहे, कारण आपल्याकडे लॉबिंगची नोंद सक्तीची करणारा कायदा नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना आपला अशील आणि खर्च जाहीर करावा लागतो. तिथेही सामान्य लोकांना पत्रे पाठवायला लावण्याच्या मोहिमा त्यातून बऱ्याच अंशी निसटतात. तरी वाचकाच्या हातात काही साधने आहेत. ट्राय आपल्या चर्चापत्रांवर आलेली मते संकेतस्थळावर ठेवते. दोन-तीन संस्थांची निवेदने शेजारी उघडून वाचावीत. मुद्दे सारखे असणे साहजिक आहे. पण वाक्ये, उदाहरणे आणि चुकासुद्धा सारख्याच असतील, तर मसुदा एकाच टेबलावर झाला आहे, असे समजायला हरकत नाही. संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर तिची नोंदणी कधी झाली ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. चर्चापत्र निघायच्या तोंडावर जन्मलेली आणि निकालानंतर मुकी झालेली संस्था संशयास पात्र आहे. लेखाखाली लेखकाची ओळख ‘धोरण अभ्यासक’ एवढीच असेल, तर तो सध्या कुणाचे सल्लागाराचे काम करतो, हे पाच मिनिटे शोधावे. फेसबुकवर जाहिरात दिसली आणि ती राजकीय वा सामाजिक विषयाखाली नोंदवलेली असेल, तर फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या जाहिरात संग्रहात तिचा पैसा कुणी भरला याची नोंद मिळते.

कधी कधी असे लक्षात येते की दोन्ही बाजू उद्योगाच्याच आहेत. ट्रायने जुलै २०२३ मध्ये व्हॉट्सअॅपसारख्या ओटीटी सेवांच्या नियमनावर चर्चापत्र काढले, तेव्हा जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया यांची सीओएआय ही संघटना मोठ्या वेबसाइटकडून जाळ्याच्या खर्चात वाटा मागत होती. समोर ब्रॉडबँड इंडिया फोरम होता आणि त्याच्या सदस्यांत गुगल, मेटासारख्या कंपन्या आहेत. दोघेही उघडपणे स्वतःच्या नावाने बोलतात, त्यामुळे त्यात फसवणूक काही नाही. अडचण बातमीत सुरू होते, जेव्हा यातल्या एकाला ‘उद्योग’ आणि दुसऱ्याला ‘ग्राहकांचा आवाज’ म्हटले जाते. अशा वादात ग्राहकाची बाजू तिसरीकडेच कुठेतरी असते. ती मांडणारे निवेदन कुणी दिले आहे का, हे वेगळे बघावे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हे सगळे शिकवून आपण लोकांना संशयी तर बनवत नाही ना? ‘तुम्हाला पैसे कोण देतो’ हा प्रश्न स्वतःच एक हत्यार आहे. फेसबुकने नेमलेल्या डेफायनर्स नावाच्या जनसंपर्क संस्थेने कंपनीच्या टीकाकारांमागे जॉर्ज सोरोस यांचा पैसा असल्याचे पत्रकारांच्या कानावर घातल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने नोव्हेंबर २०१८ मध्ये उघड केले. म्हणजे प्रायोजित मोहीम ओळखण्याची भाषाच प्रायोजित मोहिमेने उचलली. आपल्याकडे तर आंदोलकाला ‘परदेशी पैशावर चालणारा’ म्हणणे हा नित्याचा प्रकार झाला आहे आणि त्याची किंमत छोट्या, खऱ्या संस्था मोजतात. म्हणून शिस्त अशी हवी की आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा: कुठली देणगी, कोणत्या वर्षी, कुठल्या नोंदीत, आणि त्यानंतर संस्थेने भूमिका काय बदलली. यातले काही सांगता येत नसेल, तर वाचकाने आरोप बाजूला ठेवून मुद्द्याकडे वळावे आणि तो आरोप पुढे पसरवू नये.

‘मुद्दा बरोबर असेल तर सांगणारा कोण याने काय फरक पडतो?’ असेही काही जण म्हणतात. मुद्द्यापुरते ते मला मान्य आहे. कंपनीच्या निवेदनात जाळ्याच्या खर्चाचा हिशेब बरोबर असेल, तर तो बरोबरच. पण ‘वीस लाख लोक आमच्या मागे आहेत’ हा युक्तिवाद नसतो. तो त्या वीस लाखांविषयीचा दावा असतो आणि ते लोक तिथे नसतील तर दावा खोटा ठरतो. अमेरिकेतल्या त्या २.२ कोटी मतांतून स्टॅनफर्डचे अभ्यासक रायन सिंगल यांनी २०१८ मध्ये साच्यातली पत्रे बाजूला केली आणि लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली सुमारे ८ लाख मते वेगळी काढली. त्यातली ९९.७ टक्के नियम काढण्याच्या विरोधात होती. नियामकाने नियम काढायचे ते काढलेच. पण खरा आवाज बनावट ढिगाऱ्यातूनही वेगळा करता येतो, हे त्या कामाने दाखवून दिले. तो वेगळा करता आला, कारण त्या आठ लाखांनी आयते वाक्य न वापरता आपली भाषा वापरली होती.

म्हणून उद्या एखादी याचिका, लिंक किंवा मिस्ड कॉलचे आवाहन आले, तर आधी मूळ चर्चापत्रातले प्रश्न उघडा. ते साधारण शेवटच्या पानांत एकत्र दिलेले असतात. मोहिमेचा मजकूर त्यातल्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो ते जुळवून बघा. एकालाही देत नसेल तर सही करू नका, मागणी आवडली तरी. देत असेल आणि पटत असेल, तर मसुदा जरूर वापरा, पण त्यात दोन वाक्ये तुमची घाला: तुम्ही इंटरनेट कशासाठी वापरता, महिन्याला काय खर्च येतो, गावात कुठल्या कंपनीची रेंज मिळते, या निर्णयाने तुमचे नेमके काय बदलेल. मराठीत लिहिलेत तरी चालेल. मते मांडायला सहसा चार आठवडे असतात आणि त्यानंतर इतरांच्या मतांवर प्रतिमते द्यायला आणखी दोन. या दुसऱ्या टप्प्याकडे सामान्य माणूस क्वचितच फिरकतो आणि कंपन्यांचे वकील मात्र तो कधी चुकवत नाहीत. तुमच्या नावाने कुणी काय मागितले आहे, हे तोवर संकेतस्थळावर आलेले असते. ते वाचून खोडून काढायला ते दोन आठवडे पुरतात.